सहा छिद्रांचा अभ्यासक्रम

मालकंसात पाचच स्वर. रिषभ आणि पंचम वर्ज्य, आरोह-अवरोह सरळ, चलन कानाला लगेच ओळखू येणारं. गाणं शिकणाऱ्याला तो लवकर शिकवतात, आणि त्यात वावगं काहीच नाही. आता हाच राग सहा छिद्रांच्या बासरीवर घेऊन पाहा. छिद्रं फुंकरीच्या बाजूनं मोजली तर कोमल गंधारासाठी दुसरं छिद्र अर्धं, शुद्ध मध्यमासाठी पहिलं अर्धं, कोमल धैवतासाठी सहावं अर्धं, कोमल निषादासाठी पाचवं अर्धं. पूर्ण छिद्रावर मिळणारा स्वर एकटा षड्ज. बाकीचे चारही स्वर अशा जागी आहेत की बोटाला ती जागा चाचपून सापडत नाही, कानानंच धरावी लागते. याच्या उलट यमन. तीव्र मध्यमासाठी गळ्याला वेगळी मेहनत घ्यावी लागते, पण बासरीची सगळी छिद्रं उघडली की जो स्वर मिळतो तोच तीव्र मध्यम. यमनातले सातही स्वर पूर्ण छिद्रांवर बसतात. भूपाचंही तेच.

विद्यापीठात किंवा परीक्षा मंडळाकडे सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य शिकायला निघालेल्या नाशिकच्या मुलामुलींना ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायला हवी. गायन आणि स्वरवाद्य यांच्या रागांच्या याद्या बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. त्यातली सोप्याकडून कठीणाकडे जाणारी पायरी गळ्याची किंवा पडद्यांच्या वाद्याची असते, बासरीच्या छिद्रांची नसते. यादी बदलता येत नाही, पण त्या यादीचा आपल्या बोटांसाठी क्रम लावता येतो. पदवीची तीन-चार वर्षं सुखाची जाणार की खांदेदुखीची, हे पुष्कळसं या क्रमावर ठरतं.

संस्थांबद्दल थोडक्यात. नाशिकची महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. या विद्यापीठाचं ललित कला केंद्र पुण्यात, १९८७ पासून, गुरुकुल पद्धतीनं चालतं. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९चा. पदवीला न जाता परीक्षा देणाऱ्यांसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वाट आहे: प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि मग अलंकार. नाशिककरांना या वाटेचा जिव्हाळा असायला कारण आहे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी उत्तरायुष्यात पंचवटीतच रामनाम आधाराश्रम उभा केला. ते १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केलं. प्रवेश कुठेही घ्या, एक प्रश्न मात्र आधी विचारा: आठवड्यातून किती तास बासरीवालाच शिकवणार? सतारीचा किंवा गाण्याचा उत्तम शिक्षक राग शिकवील, बंदिश शिकवील, पण ओठाचा कोन चुकतो आहे हे त्याला दिसणार नाही. श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास शिकवणं किंवा ३० तास प्रात्यक्षिक. चार श्रेयांकांचं प्रात्यक्षिक धरलं तर सत्राचे १२० तास होतात. ओठ आणि श्वास तयार व्हायला एवढे पुरत नाहीत. घरचा रियाज त्याच्या दुप्पट-तिप्पट धरूनच वेळापत्रक आखावं.

वाद्य कोणतं घ्यावं यावर फार गोंधळ असतो. मैफलीत दिसणारी लांब बासरी ही पन्नालाल घोषांची देणगी. त्यांच्याआधी बासरी आखूड आणि लोकसंगीताची. १९११ साली बारिसालला जन्मलेल्या या माणसानं ती सुमारे ३२ इंचांपर्यंत लांबवली, मंद्र म्हणजे खालचं सप्तक आणलं आणि ख्यालाला पेलेल असा आवाज तिला दिला. आज सर्वांत रुळलेली पट्टी पांढरी तीन, म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी, वादक जिला ई-बेस म्हणतात ती. तीन छिद्रं झाकल्यावर तिचा षड्ज सुमारे ३३० हर्ट्झला बोलतो, सहाही झाकल्यावर मंद्र पंचम २४७ला. या पंचमासाठी नळीत जवळजवळ ७० सेंटिमीटर हवेचा स्तंभ लागतो, म्हणून प्रत्यक्ष बासरी २९-३० इंचांची होते आणि छिद्रांमधलं अंतर सव्वा-दीड इंचावर जातं. बोटांची टोकं तिथे पोचत नाहीत. मधल्या पेराच्या सपाट भागानं छिद्रं झाकावी लागतात.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचा किंवा लहान चणीच्या मुलाचा हात इतका ताणला जात नसेल तर सुरुवात पांढरी पाचच्या बासरीवर करावी. ती दोन फुटांच्या आसपास असते. पहिल्या दिवसापासून ई-बेसचा हट्ट धरला की मनगट वाकतं, अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागतं, आणि दुखणाऱ्या हातानं छिद्र नीट झाकलं जात नाही म्हणून फुंकर वाढते. फुंकर वाढली की सूर चढतो. विद्यार्थी त्यावर बासरी बेसूर आहे असा निष्कर्ष काढतो आणि दुसरी विकत आणतो. आखूड, अठरा-एकोणीस इंची पांढरी एक हाताला सोपी असते खरी, पण तिची छिद्रं जवळजवळ असल्यामुळे अर्ध्या छिद्राचा अंदाज फार बारीक होतो. मधली पट्टी जास्त उपयोगी.

बांबू इथलाच का नको, असा प्रश्न नाशिकमध्ये साहजिक येतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात मानवेल मुबलक आहे. पण मानवेल काठीला चांगला, कारण तो जाड सालीचा आणि आतून जवळपास भरीव असतो. बासरीला पातळ भिंतीचा, आतून गोल आणि दोन पेरांमध्ये लांब अंतर असलेला बांबू लागतो. तो आसामकडून येतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत बासऱ्यांसाठी नावाजलेलं गाव, पण तिथले कारागीरही आसामचाच बांबू वापरतात. घेताना दुकानातल्या गोंगाटात मधल्या सप्तकाच्या गोड स्वरांवर भाळू नये. आधी मंद्र पंचम अगदी हलक्या फुंकरीनं बोलतो का पाहावं. मग त्याच बोटांनी, फुंकर आवळून, मध्य पंचम काढावा. दोघांत बरोबर एक सप्तकाचं अंतर हवं. वरचा पंचम उतरलेला असेल तर दोष बहुधा आतल्या बुचाचा. फुंकरंध्राच्या मध्यापासून बुचापर्यंतचं अंतर साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं असावं. बूच लांब सरकलं तर वरचे स्वर उतरतात, जवळ आलं तर चढतात. दुरुस्ती एकेक मिलिमीटरनं करावी आणि दर वेळी दोन्ही पंचम वाजवून पाहावेत. एखादाच स्वर चढा असेल तर त्या छिद्राच्या फुंकरीकडच्या कडेला मेणाचा लहानसा लेप पुरतो. उतरलेला स्वर चढवायला मात्र छिद्र मोठं करावं लागतं. ते काम कारागिराचं, कारण घासलेलं परत येत नाही.

आता श्वास. शिकवताना सर्वांत कमी वेळ ज्याला दिला जातो आणि वाजवताना ज्याच्यावर सगळं उभं असतं तो हाच. सनईवाल्याला पातीतून हवा रेटावी लागते. अरुंद फटीमुळे फुफ्फुसात हवा उरते आणि श्वास बदलण्याआधी शिळी हवा बाहेर टाकावी लागते. बासरीला पाती नाही. ओठांतून निघालेला हवेचा पट्टा फुंकरंध्राच्या पलीकडच्या कडेवर आपटतो, आत-बाहेर डोलतो आणि नळी बोलू लागते. अडथळा नाही म्हणून हवा भराभर संपते. नव्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत चक्कर येते, ती अशक्तपणाची नसते. गरजेपेक्षा जास्त हवा फार वेगानं बाहेर टाकली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं. अशा वेळी बासरी खाली ठेवून दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्यावा. पाणी पिणं, गोड खाणं याचा इथे उपयोग नाही.

दीर्घ स्वरांचा रियाज षड्जापासून करावा, पंचमापासून नाही. षड्जाला तीनच बोटं लागतात, गळतीची भीती कमी. मिनिटाला ६० ठोक्यांवर १२ ठोके एकसारखा षड्ज, चार ठोके श्वास, पुन्हा षड्ज. आठवड्याभरानं निषाद, मग धैवत, शेवटी पंचम. स्वर २० ठोके टिकू लागला की लांबी वाढवायच्या मागे लागू नये. पुढची मेहनत स्वराच्या शेवटासाठी आहे. बासरीत जोरानं फुंकलं की सूर चढतो आणि फुंकर मंदावली की उतरतो. म्हणून प्रत्येक स्वराचं शेपूट खाली घसरतं. ते सावरायला फुंकर कमी होत जाताना ओठांची फट लहान करायची आणि बासरी किंचित बाहेरच्या बाजूला फिरवायची, म्हणजे रंध्र थोडं जास्त उघडं राहतं आणि सूर जागेवर राहतो. ही हालचाल डोळ्यांना दिसतही नाही इतकी लहान आहे. रोज वीस मिनिटं फक्त यासाठी द्यावीत. परीक्षक पहिला षड्ज ऐकतो तेव्हा त्याच्या शेवटाकडेच कान देतो.

खालच्या स्वरांना बासरी किंचाळली तर दोष श्वासाला देण्याआधी गळती शोधावी. वरून एकेक बोट ठेवत खाली यावं: षड्ज, निषाद, धैवत, पंचम. जिथे आवाज फाटतो ते बोट नीट बसलेलं नाही. बहुतेक वेळा ती अनामिका निघते. बोट दाबून गळती बंद होत नाही, हाताचा कोन बदलून होते.

मध्यमावरून पंचमावर जाणं ही बासरीतली सर्वांत अवघड उडी. शुद्ध मध्यमाला पहिलंच छिद्र अर्धं झाकलेलं, बाकी पाच बोटं वर. पंचमाला सहाही बोटं एका क्षणी खाली, आणि फुंकर वरच्या सप्तकाची. एक बोट उशिरा पडलं तर मध्ये भलताच स्वर डोकावतो. त्यातून सगळी छिद्रं उघडी असताना बासरी धरून ठेवायला अंगठे, करंगळ्या आणि खालचा ओठ एवढंच उरतं, म्हणून ती हलते आणि रंध्र ओठाखालून सरकतं. खालच्या हाताचं एखादं बोट शेवटच्या छिद्रावर आधीच टेकवलं तर मध्यमाच्या सुरात फारसा फरक पडत नाही आणि बासरी स्थिर राहते. म-प-म-प असं संथ लयीत, रोज शंभर वेळा, त्यानंतर ग-म-प, मग म-ध. मींडेनं, म्हणजे सूर न तोडता सरकत, मध्यमाहून पंचमात जाणं सहा छिद्रांवर शक्य नाही असंच धरावं. पन्नालाल घोषांनी सातवं छिद्र पाडलं त्यात याचंही उत्तर आहे. ते करंगळीनं झाकलं की मंद्र सप्तकात पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम मिळतो, आणि फुंकर आवळून तोच मध्य सप्तकात पंचमाला चिकटून घेता येतो. सातव्या छिद्राची बासरी घ्यावी की नाही हे गुरूच्या परंपरेवर ठरतं. पण ते का आलं हे सहा छिद्रांवर वाजवणाऱ्यालाही माहीत हवं.

अर्ध्या छिद्रांचा रियाज भूप आणि यमन हातात बसल्यावर सुरू करावा. पहिलं अर्धं छिद्र शुद्ध मध्यमाचं, कारण तो तंबोऱ्याच्या षड्जाशी सहज जुळतो आणि चुकला की लगेच टोचतो. त्यासाठी दुर्गा किंवा बिलावल घ्यावा. दुसरा कोमल निषाद, खमाजमधून. नंतर काफी, त्यात कोमल गंधार वाढतो. मालकंस, भैरवी, तोडी यानंतर. यादीत ते आधी असतील तर परीक्षेपुरते तयार करावेत, पण रोजच्या रियाजाचा पाया म्हणून नाही. कोमल गंधारासाठी बोट उचलून अर्धं ठेवण्यापेक्षा रिषभावरून गंधाराकडे चार मात्रांत बोट हळूहळू बाजूला लोळवत न्यावं आणि कान सांगेल तिथे थांबावं. उद्या तीच जागा बरोबर असेलच असं नाही, कारण फुंकर बदलली की अर्ध्या छिद्राचा सूरही बदलतो.

इथे मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ती ॲप समान विभागणीच्या सप्तकावर चालतात, ज्यात षड्ज ते शुद्ध गंधार अंतर ४०० सेंट असतं (एका सप्तकाचे १२०० सेंट). तंबोऱ्याच्या तारेतून स्वतःहून उमटणारा गंधार ३८६ सेंटवर आहे. म्हणजे १४ सेंटनं उतरलेला. कान तयार असलेला विद्यार्थी बरोबर गंधार लावतो आणि पडद्यावरचा काटा त्याला चूक ठरवतो. मग तो बोट किंवा फुंकर बदलून काट्याला खूश करतो आणि तंबोऱ्याशी भांडणारा गंधार पक्का करून बसतो. ॲपवर षड्ज आणि पंचम तपासावेत. बाकीचे स्वर तंबोऱ्यावर, डोळे मिटून.

नाशिकच्या हवेनं या अभ्यासात आणखी एक धडा घातलेला आहे. जानेवारीच्या पहाटे इथे पारा दहाच्या खाली सहज जातो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी चाळिशीला टेकतो. आवाजाचा वेग १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, ३० अंशांना सुमारे ३४९. नळी तीच, पण हवा गरम झाली की सूर चढतो. या २० अंशांत हिशेबानं ५९ सेंटचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या पट्टीहून जास्त. फुंकरीची हवा उबदार आणि दमट असल्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून कमी राहतो, पण थंडीत पिशवीतून काढलेली बासरी पहिली पाच-दहा मिनिटं उतरलेलीच वाजते. गंगापूर रोडवरच्या एखाद्या हॉलमध्ये डिसेंबरच्या सकाळी परीक्षा असेल तर बासरी आधी अंगाजवळ, स्वेटरखाली धरून ठेवावी, छिद्रं झाकून न वाजवता आत ऊब फुंकावी, आणि तबला त्यानंतर लावून घ्यावा. उलटं केलं तर तबला मिळवलेला राहतो आणि बासरी हळूहळू त्याच्या वर निघून जाते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात सूर बारीक सरकवण्याची सोय असते. पेटी साथीला असेल तर ती सोय नसते, मग बासरी फिरवूनच मिळवून घ्यावं लागतं.

फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत बांबू आकसतो आणि रेषेत तडकतो. छिद्रांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना जी दोऱ्याची बांधणी असते ती शोभेची नाही. आतून महिन्यातून एकदा मोहरीचं किंवा बदामाचं तेल काडीला गुंडाळलेल्या कापडानं पातळ फिरवावं आणि एक दिवस बासरी आडवी ठेवावी. तेल जास्त झालं तर ते फुंकरंध्राच्या कडेला साचतं आणि आवाज घोगरा होतो. बंद गाडीत बासरी कधीही ठेवू नये. मंद्र पंचम एकाएकी हवेशीर, फुसका वाटू लागला तर भेग शोधावी. केसासारखी भेग असेल तर त्यात पातळ चटकन सुकणारा गोंद उतरवून वरून दोरा घट्ट गुंडाळला की बासरी वर्षानुवर्षं चालते. पावसाळ्यात नेमकं उलटं. ओली बासरी तशीच कव्हरमध्ये गेली तर आत बुरशी धरते. वाजवून झाल्यावर पुसून तासभर उघडी ठेवावी.

शास्त्राच्या पेपरकडे वादक मंडळी नाइलाजानं पाहतात, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण बासरीवाल्याइतकं त्या ग्रंथांचं प्रात्यक्षिक दुसऱ्या कुणाला करता येत नाही. नाट्यशास्त्राचा तिसावा अध्याय सुषिर वाद्यांचा, अगदी छोटा. त्यात भरतानं वंशाच्या स्वरांबद्दल सांगितलंय की बोट पूर्ण उचलल्यावर चतुःश्रुती, म्हणजे चार श्रुतींच्या (बारीक स्वरांतरांच्या) अंतराचा स्वर, कंप दिल्यावर त्रिश्रुती आणि छिद्र अर्धं मोकळं ठेवल्यावर द्विश्रुती. व्यक्तमुक्त, कंपमान, अर्धमुक्त. हे पाठ करण्याऐवजी हातात बासरी घेऊन एकाच छिद्रावर तिन्ही करून पाहावं. कंप दिला की सूर किंचित उतरतो, अर्ध्यावर ठेवला की आणखी उतरतो, हे पाच मिनिटांत कळतं. मालकंसाची सगळी अडचण या एका श्लोकात आधीच मांडलेली आहे.

शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर तर आपल्या घरचा. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाचं काम पाहणाऱ्या माणसानं तो लिहिला. हेच यादव आधी आपल्या सिन्नरहून राज्य करत होते. त्याच्या वाद्याध्यायात वंशांची नावं फुंकरंध्र आणि त्याच्या जवळचं छिद्र यांतल्या अंतरावरून दिली आहेत: एका अंगुलाचा एकवीर, दोनाचा उमापती, तिनाचा त्रिपुरुष, चारांचा चतुर्मुख, आणि पुढे अशीच चढती. अंतर वाढलं की सूर खाली जातो, म्हणजे ही आजच्या पट्ट्यांसारखीच मांडणी आहे. आपल्या दोन-तीन बासऱ्यांवर हे अंतर मोजून शेजारी पट्टी लिहिली तर परीक्षेतल्या टीपेला स्वतःचं कोष्टक मिळतं.

स्वरलिपीत एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं, आणि तारेसाठी उभी रेघ. मंडळाच्या परंपरेतल्या पुस्तकावरून शिकलेला विद्यार्थी विद्यापीठात आला आणि त्यानं जुन्या सवयीनं टिंब दिलं तर बंदिशीतले मंद्राचे स्वर दोन सप्तकं वर, तारेत जाऊन बसतात. उत्तरपत्रिकेच्या सुरुवातीला पद्धतीचं नाव लिहावं. शिवाय आपल्या वहीत प्रत्येक बंदिशीवर श्वासाच्या जागा पेन्सिलनं खुणाव्यात. सोळा मात्रांच्या तीनतालातली मसीतखानी गत बाराव्या मात्रेला उठते आणि पाच मात्रांत समेवर येते. दिर दा दिर दा रा हे बोल सतारीच्या नखीचे. बासरीवर ते जिभेनं काढावे लागतात, आणि श्वास अकराव्या मात्रेला घेतला नाही तर समेवर पोचताना हवा संपलेली असते. विलंबित ख्याल वाजवणाऱ्याला ही अडचण कमी, कारण तिथे शब्दांचा श्वास मदतीला येतो. पन्नालाल घोषांनी गायकी अंग धरलं. हरिप्रसाद चौरसियांनी अन्नपूर्णादेवींकडे शिकून आलाप-जोड-झाल्याचं तंतकारी, म्हणजे तारवाद्यांचं अंगही बासरीत मुरवलं. दोन्ही वाटा थोर आहेत. पण पहिल्या दोन वर्षांत ख्यालाच्या बंदिशी जास्त घ्याव्यात, कारण त्यातून श्वास वाक्यासारखा तोडायची सवय लागते, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक आग्रह. बासरीच्या विद्यार्थ्यानं बासरीपुरतंच राहू नये. नाशिकच्या लग्नसराईत बँडमधला क्लॅरिनेट रोज ऐकू येतो. तो एका टोकाला पातीनं बंद असलेला सरळ नळा आहे, त्यामुळे तीच बोटं ठेवून वरच्या पट्ट्यात गेलं की एक सप्तक न चढता एक सप्तक आणि वर पंचम एवढा चढतो. सनईलाही पाती आहे, पण तिची नळी खाली रुंदावत जाते, म्हणून ती बासरीप्रमाणे सप्तकानंच चढते. नळीचा आकार आणि टोक यांनी स्वर कसे ठरतात हे पुस्तकात पानभर वाचण्यापेक्षा बँडवाल्या काकांना दोन स्वर वाजवून दाखवायची विनंती केली तर जास्त लवकर समजतं, आणि ते आनंदानं दाखवतात.

शेवटच्या वर्षी लघुप्रबंधाला विषय हवा असतो. दरवर्षी त्याच चार थोर वादकांची चरित्रं लिहिली जातात, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या पावरीकडे कुणी का वळत नाही याची खंत वाटते. सुरगाणा, कळवण, पेठ, बागलाणच्या कोकणा आणि भिल्ल पाड्यांत मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ती रात्र-रात्र वाजते. वाळलेला भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या, आत बांबूचीच कापून काढलेली पाती. वाजवणारा गालात हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. सूर मिळवायचा तो मेण कमी-जास्त करून. प्रबंधासाठी भोपळ्याचा घेर, नळ्यांची लांबी आणि आतला व्यास, छिद्रांची मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं, पातीची लांबी आणि जाडी, वाजवतानाचं तापमान, आणि प्रत्येक छिद्राचा सूर हर्ट्झमध्ये, एवढं नोंदवावं. स्वरांना घाईनं सा-रे-ग ही नावं देऊ नयेत, आधी आकडे लिहावेत. ध्वनिमुद्रण उत्सवाच्या रात्री करायचं असेल तर गावातल्या भगताला आणि वाजवणाऱ्याला आधी विचारावं. मोजमापासाठी उत्सव संपल्यावरचा दिवस मागून घ्यावा. कॅलिपर आणि मोजपट्टी बाहेरूनच लावावी, आतल्या मापांसाठी तो नवी पावरी बांधत असेल तेव्हा जाऊन बसावं, बसवलेलं मेण काढायला सांगू नये.